स्क्रीनवरचा स्कार्फ

नीलिमा : आता तरी पास म्हणा ना, महांतेश! चारला रिलीज आहे. मॅनेजर यशोवर्धनने सकाळपासून तीनदा विचारलंय, पॅथॉलॉजी लॅबची बुकिंग साइट कुठे अडलीय म्हणून.

महांतेश : तारखेपाशी, आणि कुठं? माझा स्क्रीन रीडर कॅलेंडरवर एवढंच वाचून दाखवतोय, बटण, बटण, बटण. यातला गुरुवार कुठला, कसं ओळखू मी?

नीलिमा : अहो, ते आत्ताच फिक्स केलंय. रिफ्रेश करा.

महांतेश : सरी, करतो. हां, आता म्हणतंय, बारा, गुरुवार, जागा शिल्लक. बेस झालं.

नीलिमा : हुश्श! मग पास?

महांतेश : थांबा की ओ, स्वल्प. तुम्ही कसं तपासलं?

नीलिमा : तुमच्यासारखंच. स्क्रीन रीडर चालू केला आणि तारखेवर क्लिक केलं.

महांतेश : माउसनं?

नीलिमा : हो... अरे देवा.

महांतेश : मला माउसचा बाण दिसत असता तर काय पाहिजे होतं, मॅडम? ठेवा माउस बाजूला. तुमचा तो पुण्याचा स्कार्फ असेल ना, स्कूटरवर तोंडाला बांधायचा? टाका स्क्रीनवर. आता नुसता कीबोर्ड.

नीलिमा : टाकला. टॅब, टॅब... गुरुवार. एंटर. अं? हे परत लॅबचं नाव का वाचतंय? मेनू? मी आहे कुठे?

महांतेश : पानाच्या एकदम वर. तारीख निवडली की कॅलेंडर बंद, आणि आपण रस्त्यावर.

नीलिमा : बाप रे. डोळ्यांना हे कळलंच नाही कधी.

महांतेश : कमलाक्का काल जुन्या साइटवर तासभर अशीच फिरली. माझी थोरली बहीण, राजाजीनगरला असते. तिलाही दिसत नाही.

नीलिमा : मग काय केलं त्यांनी?

महांतेश : नेहमीचं. आज शेजारच्या सगुणाबाईंना बोलावणार. त्या फॉर्मची एकेक ओळ मोठ्यानं वाचतात. संध्याकाळी सगळ्या गल्लीला कळतं, आक्काची कसली तपासणी आहे ते. काल म्हणाली, मंत्या, आजारापेक्षा याचीच लाज वाटते.

नीलिमा : सकाळी तुम्ही फेल लिहिलंत ना, तेव्हा फार राग आला होता मला. थांबा, करते नीट. चार वाजायच्या आत.

(साडेचार. साइट सुरू झाली आहे. स्कार्फ अजून स्क्रीनवरच.)

महांतेश : आक्काचा फोन. स्पीकरवर लावतो. बोल आक्का.

कमला : मंत्या, झालं बघ! गुरुवार, सकाळी सात. मेसेजपण आला.

महांतेश : आणि सगुणाबाई?

कमला : आल्या होत्या की. चहा पाजून परत पाठवलं.

नीलिमा : कमलाक्का, मी नीलिमा, महांतेशबरोबर काम करते. तारखेनंतर अडलं नाही ना कुठे?

कमला : कुठं ओ! तारीख, वेळ, नाव, सरळ गेलं सगळं. देव तुमचं भलं करो, बाई. ठेवू का? दूध वर येतंय.

नीलिमा : महांतेश, मला ना, रडूच येतंय. इतकं हलकं वाटतंय! पण तपासणी कसली होती हो? काळजीचं काही नाही ना?

महांतेश : माहीत नाही. या खेपेला तिला कुणाला सांगावंच लागलं नाही.