ग्रहण सुटेपर्यंत

न्हाई नर्सबाई, आज यमूला न्हाई उभी करायची—शुक्रवार तुमचा ठरल्याला, ठावं हाय मला, औंधापास्नं उन्हाचं चालत आलासा, पर आज ग्रहण हाय न्हवं? हितंच पायरीवर टेका. सासूबाई परसात हायत. तुमाला पाणी द्यावं तर ग्रहणात तेबी चालत न्हाई. मी सातवी शिकल्याली—सूर्याम्होरं चंद्र येतो, एवढंच, मास्तरांनी लिंबू धरून दावलंवतं—पर सासूबाईंम्होरं ते सांगून भागतंय व्हय? म्हणत्यात, "एवढी शिकलीस तर पोरीला चालीव की!"

तुमी काय केलं न्हाई असं न्हाई म्हणत मी. अंगणात धरून चालायला हे दोन कळक तुमीच आडवं बांधलंसा, चार वर्साची हुईस्तवर सरपटणारी पोर त्यास्नी धरून पार गोठ्यापतोर गेली. आन् पोरींच्या घोळक्यात बसवून "मलाबी डाव द्या" म्हणायला शिकवलंसा—आता पोरींनी न्हाई बोलीवलं तर हीच हाक मारती, लय धीट झालीया. पर कळक सोडलं की पडती, बाई. आन् तिचा बा लढाईवरनं रजेवर येतोय. सासूबाई म्हणत्यात, असली पोर बघून तो दुसरी बायकू करंल. त्यापायीच, न्हाईतर मी कशाला ऐकत हुते—

काय ऐकलं म्हंजे? काय न्हाई. आवाज? कोकरू हाय ते, शेजारच्या शालूबाईचं. आई चरायला गेली की बोंबलतंय.

उठताय कशापायी? बसा ना. बरं, सांगते, पर वरडू नगा माझ्यावर. पांगळ्या पोराला ग्रहणात पुरलं की जिमीन पायात बळ भरती—पुरलं म्हंजे तसं न्हवं हो, गळ्यापतोर, तोंड उघडंच आसतंय. आमच्याकडं करत्यात. तुमचं कळकबी आन् जिमीनबी, दोन्हीचा गुण यील म्हणलं. खड्ड्यात उतरंना, माझ्या लुगड्याला गच्च धरून बसली. मग मीच म्हणले—नर्सबाईंनी सांगितलंय, ह्यो नवा डाव हाय, त्या बघाया येणार हायत. तवा उतरली. हसत उतरली, बाई! माती मीच दाबली, पायानं. सैल ऱ्हायली तर गुण न्हाई, सासूबाई म्हणाल्या—दाब, आनखी दाब. "आये, आवळतंय," म्हणाली, तरी मी—

न्हाई, तिकडं जायचं न्हाई! ग्रहण सुटायच्या आधी माती हलीवली तर हाय तेबी बळ जातंय म्हणं. तुमी जावा आता. म्होरल्या शुक्रवारी या, ती कळक न धरता तुमच्याम्होरं येती का न्हाई बघा. जावा म्हणते न्हवं—

हं. बघा, कशी गप झाली. डोळा लागला आसंल. व्हय ना? ... बाई, उभ्यानं झोप लागती का हो पोरास्नी?