चालू स्थितीतला फ्रीज

—नाही, तिकडे नको साहेब, फ्रीजला टेकू नका. त्याचं दार उघडलं की सरळ पलंगावर आदळतं, आणि पलंगावर सासूबाई आहेत. इकडे बसा, या डब्यावर. मजबूत आहे हो, मी रोज बसते. चहा टाकू? नको? बरोबर आहे, ज्यांची तपासणी करायची त्यांचा चहा घ्यायचा नाही, नियम असेल तसा. नियमाला माझी ना नाही. पण तुम्ही दारातून आलात, नमस्कार मला केलात आणि बघत राहिलात त्याच्याकडे — सगळ्यांचं तसंच होतं. मदतकार्ड ठेवायचं की काढून घ्यायचं ते ठरवायला तुम्ही आलात, आणि तुमच्या त्या कागदावर विचारलंय की घरात दोन दारांचा फ्रीज आहे का. आता नाही म्हणू तरी कशी? खोलीत फ्रीज आहे म्हणण्यापेक्षा फ्रीजच्या कडेनं थोडी खोली आहे म्हणा. आत आणताना चौकट काढावी लागली. सासूबाई तेव्हा म्हणाल्या, आता एक तर हा राहील नाहीतर मी.

विकत घेतलेला नाही हो! मी आणि फ्रीज विकत घेणार? बक्षीस आहे ते. कोपऱ्यावरचं ते मोठं दुकान — मोठं म्हणजे काय, एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जात नाही — तिथे मी गल्ल्यावर असते. हे गेल्यापासून तिथेच आहे. तर यंदाची उत्कृष्ट कर्मचारी मी. फोटो लागलाय माझा, साबणाच्या रांगेपाशी. मी मॅनेजरला म्हटलं, साहेब, फ्रीज नको, त्याच्याऐवजी पगारात थोडं वाढवा, नाहीतर तास तरी वाढवून द्या. तर म्हणाला, बक्षीस म्हणजे प्रेम असतं ताई, प्रेमाचे काय तास करायचे? आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्यांचा भारी शौक त्याला. सकाळी दुकान उघडायच्या आधी टाळ्या, विक्री वाढली टाळ्या, कुणी पाय घसरून पडलं तरी टाळ्या — उमेद वाढते म्हणे. आम्ही त्याला टाळीमास्तर म्हणतो. हे लिहिताय की काय? नका लिहू.

बक्षीस कशाबद्दल? तेच सांगते ना. चांगल्या कामाबद्दलच. त्याचं असं आहे, आमच्याकडे पूर्ण तास कुणालाच देत नाहीत. पूर्ण तास दिले की औषधपाणी, रजा, सगळं द्यावं लागतं. म्हणून थोडे कमी ठेवतात. म्हणजे माणूस मरतही नाही आणि त्याचं भागतही नाही. एक पोरगी नवीन कामावर लागली, ती सामानाच्या खोलीत रडत बसलेली, घरभाडं निघत नाही म्हणून. मी तिला म्हटलं, रडतेस काय, तुझा पगार मदतकार्डाच्या मर्यादेच्या आत आहे, ये, अर्ज भरून देते. तिला कार्ड मिळालं. मग तिनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं गोदामातल्या पोरांना, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे ही रांग! मला आता अर्ज पाठ आहे, झोपेत भरीन. ते टाळीमास्तरनं बघितलं. मला वाटलं, आता गेली नोकरी. तर कसलं काय, मला स्वतंत्र टेबल दिलं, वर पंखा दिला! नवीन माणूस लागलं की पहिल्या दिवशी गणवेश, नावाचा बिल्ला आणि माझ्याकडून अर्ज. आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांसमोर म्हणतो, यंदा आपल्या दुकानात एकानंही पगारवाढ मागितली नाही, हे कुणामुळे? — आणि बोट माझ्याकडे. टाळ्या.

तुम्ही असं का बघताय? मी काही चुकीचं नाही केलं. खरं तेच भरलं सगळं. हसू नका... बरं, हसा, हसण्यासारखंच आहे ते. मागे एकदा तुमच्या कचेरीत कार्डाच्या नूतनीकरणाचा दिवस होता, तर आमचं आख्खं दुकान तुमच्या रांगेत. दुकान उघडायला माणूस नाही! मग टाळीमास्तर तिथेच आला आणि रांगेतच सकाळची सभा घेतली. आजचं लक्ष्य काय, तेल किती खपवायचं, बिस्किटं किती — आणि टाळ्या. तुमचा पहारेकरी धावत आला, त्याला वाटलं मोर्चा आलाय. सभा संपली तरी टाळीमास्तर जागचा हलेना. हेल्मेटही काढेना. नंतर कळलं, त्याचाही नंबर होता रांगेत.

आता मला सांगा, तुम्ही सामान कुठून भरता? आमच्याकडूनच ना? स्वस्त पडतं म्हणून! भाऊ, स्वस्त कसलं, तुम्ही दोनदा पैसे देता. एकदा माझ्यासमोर गल्ल्यावर, आणि एकदा तुमच्या पगारातून कर कापतात तेव्हा. त्या करातून मला कार्ड. कार्डावरचं धान्य मी आणते कुठून? आमच्याच दुकानातून, दुसरीकडे चालत नाही ते आसपास. म्हणजे दुकान मला अर्धा पगार देतं, उरलेला अर्धा तुम्ही देता, आणि दोन्ही अर्धे परत दुकानात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ना, ते हेच, वर उत्कृष्ट दुकान म्हणून मालकाचा सत्कार वेगळा. मी तर सासूबाईंना म्हटलंसुद्धा, आपले खरे मालक म्हणजे कर भरणारे लोक, पुढच्या खेपेला रजा त्यांच्याकडेच मागते. तर तुम्ही देता का मला रजा? दोन दिवस? नाही ना. मग मालक कसले तुम्ही!

विकून टाका म्हणता? वाटलंच मला, विचाराल. कागद आहे त्याचा, बक्षीस विकायचं नाही, विकलं तर पगारातून कापणार. आणि विकायचा तरी कसा साहेब... थांबा, हे मी सांगणार नव्हते. सासूबाईंना साखर आहे. इन्सुलिन लागतं, सकाळ-संध्याकाळ. ते तुमच्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतं, पण कार्डावर. कार्ड गेलं की ते गेलं. बाहेर घ्यायला गेलं तर माझा पगार त्याला पुरत नाही, आणि खायचं काय मग, टाळ्या? बरं, ते इन्सुलिन ठेवायचं थंडीत. इतकी वर्षं शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवायचे. बिचारी कुरकुर करायची, पण ठेवायची. आमच्या दारातून हा आत आला त्या दिवशी ती डबा घेऊन आली, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, आता तुमचा आमच्याहून मोठा झाला, आमच्यासारख्यांच्या घरात कशाला ठेवता? आता बोलतही नाही माझ्याशी. नाकापेक्षा मोती जड. म्हणजे बघा, फ्रीज आहे म्हणून कार्ड जाणार, कार्ड गेलं की इन्सुलिन जाणार, आणि इन्सुलिन गेलं की एवढ्या मोठ्या फ्रीजमध्ये ठेवायचं काय? आत्ताही काय आहे? वरच्या खणात तो डबा. बाकी सासूबाईंचे कपडे. हो, कपडे! उन्हाळ्यात गार गार घालतात, लाडावल्यात अगदी. मला हसू येतं, पण खरं सांगू का, कालपासून, तुम्ही येणार कळल्यापासून, मला भीती वाटतेय. त्यांना सांगितलं नाही मी. झोपल्यात असं वाटतंय ना? जाग्या आहेत. ऐकतात सगळं.

काय? बोट कशाला ठेवलंत तिथे? थांबा, चष्मा... ‘घरात चालू स्थितीतला दोन दारांचा फ्रीज आहे का.’ हो, तेच तर म्हणतेय मी, आहे. पुन्हा वाचू? चालू स्थितीतला. बरं, वाचलं. चालू स्थितीतला... अहो, बोला ना काहीतरी. नुसतं फ्रीजच्या त्या वायरीकडे काय बघताय?

अगंबाई.

थांबा हं, थांबा. सरका जरा. प्लग मागे आहे, हात जात नाही पटकन — हं. निघाला. बंद पडला, बघा. किती शांत वाटतंय नाही, सारखा घुरघुरत असतो. नाही सासूबाई, काही नाही, पडून राहा, दोन मिनिटांचं काम आहे. फोटो हवा? दार उघडून? घ्या. दिवा लागत नाहीये, दिसतंय ना? कपडे येऊ देत की फोटोत, फ्रीजमध्ये कपडे ठेवलेत म्हणजे बंदच असणार, तुमचे वरचे साहेबही तेच म्हणतील. डबाही येऊ दे, तुमच्याच दवाखान्याचा शिक्का आहे. झालं? मग लिहा. ‘बंद’ लिहा. जरा भरभर लिहा, भाऊ, गरमी बघा केवढी आहे, ते औषध नाजूक असतं फार. सही झाली? तारीख? राहू दे, तारीख कचेरीत घाला.

नाही, आता चहा नाही. नको, काही म्हणू नका, मी पण काही म्हणत नाही. उठा. चपला बाहेर जाऊन घाला. तुम्ही आत असताना मी तो लावला तर तुम्हाला ऐकू येणार, आणि ऐकू आलं तर लिहावं लागणार. म्हणून जा. डोकं सांभाळा, चौकट नीट बसलेली नाही अजून. जा, भाऊ, थांबू नका दारात — जिना उतरून पार खाली जा, मी प्लग हातात धरून उभी आहे.