अकरा टन

मामा : सांगाडा तपासायला सांगितला होता, रंगवायला नाही. हे स्क्रीनवर लाल काय आहे?

भाची : मधली तुळई, मामा. सगळा ताण तिथे येतोय.

मामा : माझ्या फाइलमध्ये हीच तुळई हिरवीगार होती!

भाची : तुम्ही जेट्टीखालचे आठही फ्लोट, म्हणजे तरंगते डबे, जागच्या जागी जखडले होते. मी सोडले.

मामा : सोडले! वा! मग ही तरंगती जेट्टी उभी कशावर केलीस? हवेवर?

भाची : पाण्यावर. एक कोपरा तीन दिशांनी धरलाय, दुसरा दोन, तिसरा एका. कॉम्प्युटरमध्ये ती वाहून जाऊ नये, गरगरू नये, एवढ्यापुरतंच.

मामा : म्हणजे चिमटीत. बाहुलीचा झगा वाळत घालतेस का? सत्तावीस पूल बांधलेत मी. एक तरी हललाय?

भाची : पूल हलू नये. हिने हलायलाच हवं.

मामा : शिकव आता मला! तुझी आई म्हणाली, पोरगी हुशार आहे, ऑफिसात घे. कसली हुशार? पाठ केलेलं ओकतेस नुसतं. उद्या सकाळी यार्डात प्लेटा कापायला घेणार आहेत. 'तपासले' लिहिलंय तिथे सही कर आणि ऊठ.

भाची : नाही करता येणार. माणसं उतरणार आहेत हिच्यावर.

मामा : मग टेबल रिकामं कर.

भाची : करते. त्याआधी कुठल्या आधारावर किती भार आला, तो तुमच्या फाइलमधला तक्ता वाचाल? मधले दोन फ्लोट.

मामा : अकरा टन. अकरा टन. बरं मग?

भाची : हे बावीस टन तिथे उचललेत कुणी?

मामा : पाण्याने! शेंबडं पोरही सांगेल.

भाची : लाटेचा खळगा नेमका मधे धरलाय तुम्ही. तिथलं पाणी खाली गेलंय. जे उरलंय त्याचा रेटा आपण आधीच हिशेबात घातलाय. तेच पाणी दोनदा कसं उचलेल? हे बावीस टन तुम्ही जखडलेल्या आधारांनी उचललेत, आणि खऱ्या पाण्यात ते आधार नाहीत.

मामा : तुझ्या तक्त्यात काय दिवे लावलेत?

भाची : तिन्ही कोपऱ्यांचे मिळून सहाही आकडे शून्य. आधार आहेत, त्यांच्यावर भार नाही.

मामा : शून्य. तुझ्या अकलेइतकंच.

भाची : बरं. आता लाल जागा बघा. डावीकडून दुसरा सांधा, खालची पट्टी. मागची जेट्टी तिथेच तडकली होती ना?

मामा : ती त्या बुटक्या वेल्डरमुळे. हात थरथरतो त्याचा.

भाची : "वेल्डिंग करतोस की चिखल थापतोस," म्हणाला होतात. सगळ्या यार्डासमोर. मग गेटबाहेर काढलंत त्याला. त्या जेट्टीचे फ्लोटही असेच जखडले होते?

मामा : तीच फाइल आहे ही. नाव बदललं फक्त.

(मामा खुर्ची ओढून बसतात. माउसचं चाक बराच वेळ फिरत राहतं.)

मामा : किती जाड पट्टी लागेल?

भाची : सोळा मिलिमीटरची. आत्ता दहाची आहे.

मामा : यार्डाला कळव. उद्या काही कापू नका म्हणावं.

भाची : कळवते.

मामा : आणि त्या बुटक्याला बोलावून घे कामावर. कारण विचारलं, तर सांग काहीतरी.

भाची : नंबर आहे माझ्याकडे. लावून देते, मामा. बोला तुम्ही.