चाळीस मिनिटांचं माहेर

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, विमानतळावरील माझे सहकारी, आणि ज्यांना निरोप द्यायला कुणाचंच मन तयार नाही ते आपले कॅप्टनसाहेब, सर्वांना माझा नमस्कार.

मी तिकीट खिडकीवरची बाई. मला दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, "पलीकडे पोचायला किती वेळ लागतो हो?" रस्त्यानं डोंगराला वळसा घालून आठ तास, विमानानं चाळीस मिनिटं. हे मी झोपेतही सांगेन, असं आमचे हे म्हणतात. सांगतेही, असंही म्हणतात!

पण या चाळीस मिनिटांचा अर्थ मला कळला तो माझ्या आईमुळे. डोंगरापलीकडे तिची थोरली बहीण, माझी मावशी. आईला घाटातली वळणं सोसत नाहीत आणि मावशीचे गुडघे गेलेले. दोघी सख्ख्या बहिणी कित्येक वर्षं फक्त फोनवर भेटत होत्या. आपली विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मी आईला अक्षरशः ओढतच आणलं. विमानात बसल्यावर तिनं माझा हात असा धरला, की बांगडी वाढवायची वेळ आली!

पलीकडे पोचलो, तर खाली नुसते ढग. विमानानं दोन घिरट्या घातल्या आणि माघारी वळलं. मावशी खाली विमानतळावर येऊन बसली होती. तिला आवाज आला, तो लांब गेला, आणि ती रडायलाच लागली.

इकडे उतरल्यावर आईनं साहेबांना दारातच गाठलं. "बहिणीच्या डोक्यावर नेलंत, आणि खाली ठेवता येईना तुम्हाला?"

मला तर धरणी दुभंगावी असं झालं. साहेबांनी मात्र तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. म्हणाले, "काकू, धावपट्टी दिसली नाही. न दिसणाऱ्या जागी मी माझ्या आईलाही उतरवणार नाही."

"मग मी घरी जाते. पुन्हा काही बसायची नाही मी यात."

"जेवून तरी घ्या. ढग हटले तर मीच नेतो."

दुपारची फेरी खरं तर दुसऱ्या कॅप्टनची होती. साहेबांनी ती मागून घेतली. ढग हटले, आणि आम्ही अलगद उतरलो. मावशी जागची हलली नव्हती. आता गळ्यात पडतील, म्हणून मी रुमाल काढला. मावशी म्हणाली, "अगं, केवढी वाळलीस!" आई म्हणाली, "आणि तू केवढी सुटलीस!" मग दोघी जे हसत सुटल्या, ते रडू येईपर्यंत.

त्यानंतर आई महिन्यातून एकदा जायची. खिडकीजवळची जागा मिळाली नाही, तर माझ्याशी भांडायची. मागच्या हिवाळ्यात मावशीनं अंथरूण धरलं. एका सकाळी निरोप आला, लगेच या. पहिल्याच विमानानं आई गेली. मावशीनं तिला ओळखलं, नावानं हाक मारली. दुपारी मावशी गेली, तेव्हा तिचं डोकं आईच्या मांडीवर होतं. आठ तासांच्या रस्त्यानं हे झालं असतं का हो?

साहेब, आई आज पहिल्या रांगेत बसली आहे. बोलायला उठ म्हटलं, तर मानेनंच नाही म्हणाली. म्हणून तिच्या वतीनं मीच सांगते. तुम्ही आम्हाला उतरवलंत, आणि त्याआधी एकदा उतरवलं नाहीत, दोन्हींसाठी आम्ही तुमच्या ऋणात आहोत.

संयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात घरचंच फार सांगितलं असेल, एखाद्या मान्यवरांचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावं.