चार शब्दांची आजी

...आणि वर मलाच विचारतात, "बाई, तुमच्या सासूबाईंना नक्की कुणाला इशारा द्यायचाय?" अहो, बहात्तर वर्षांची बाई, गुडघे धरधरून जिना उतरते, ती कुणाला इशारा देणार? दूधवाल्याला देते, तो त्यालाही कळत नाही! तुम्हाला सांगते, चार शब्द होते हो, मोजून चार! "अगं, पुलावर दिवे लागले!" आता यात देशाला काय धोका, तुम्हीच सांगा!

तर झालं काय, आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचं नाटक. ग्रंथपाल बाईंनी लिहिलेलं, त्याच बसवणार, पडदाही त्याच शिवणार. एक लहान मुलगी नदीपलीकडे कामाला गेलेल्या बापाची वाट बघतेय, पुलावर दिवे लागले की बाप घरी यायचा, आणि आजी खिडकीतून बघून तिला सांगते. ती आजी म्हणजे आमच्या सासूबाई! जन्मभर नाटकाचं वेड, पण लग्नाआधी वडील नाही म्हणाले, लग्नानंतर मामंजी नाही म्हणाले, मग आमचे हे म्हणाले, "आई, या वयात?" सगळे नाही म्हणणारे एकदाचे दमले, तर सरकार ताजंतवानं उभं!

कारण सध्या दिवस कसे, बघताय ना. स्टेशनात डबा उघडून दाखवा, बँकेत चपला काढून दाखवा... भीती मलाही वाटते हो. परवा जिन्यात बेवारस पिशवी दिसली तर मी जप करत अर्धा तास गच्चीत, आणि पिशवी निघाली माझीच, कांद्यांची! पण म्हणून नाटकाची वही सुरक्षा छाननी कक्षात? तीन प्रतींत? आणि ग्रंथपाल बाई पडदा शिवण्यात, म्हणून तिथल्या खेपा माझ्या!

तिथले साहेब, कानावर पेन्सिल, आवाज विहिरीतून आल्यासारखा. "पूल? कुठला पूल?"

"नाटकातला हो."

"दाखवणार कुठे?"

"दाखवणार नाही, खिडकीबाहेर आहे असं समजायचं."

"म्हणजे लपवलेला!" खोडला.

मी घरी आले, देवापुढे हात जोडले आणि साखर सोडली. अख्खं वाक्य सुटेपर्यंत साखर नाही! हे म्हणाले, "देवाला कशाला मध्ये घेतेस, तिथे वशिला लागतो." म्हटलं, याच्याहून मोठा वशिला कुणाचा?

दुसऱ्या खेपेला साहेब म्हणाले, "दिवे काढा. दिवे लागायची वेळ शत्रूला कळते." अहो, अंधार पडला की लागतात! शत्रूकडे अंधार पडत नाही का? पण बोलायची सोय आहे? खोडले. तिसऱ्या खेपेला उरलं, "अगं, लागले!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले, "काय लागले? हे तर जास्तच संशयास्पद!" तेही गेलं. आणि "अगं"वर गोल शिक्का, मंजूर! आता यात देशाला काय धोका टळला, तुम्हीच सांगा! आणि मला दुसरीच चिंता, चौथा हिस्सा वाक्य सुटलं, तर चहात पाव चमचा साखर चालेल का... हे विचारायचं कुणाला?

मला वाटलं, सासूबाई रडतील. त्यांनी कागद उजेडात धरला, म्हणाल्या, "शिक्का छान उमटलाय." आणि लागल्या की तालमीला! मी गॅसपाशी, मागून "अगं!" मी वळते, "काय आई?" "काही नाही, तू भाजी बघ." मी कपडे वाळत घालतेय, "अगं!" रागाचं अगं, मायेचं अगं, पाय घसरल्याचं अगं... शेवटचं खरं निघालं, पण मी वळलेच नाही!

प्रयोगाचा दिवस. साहेब पहिल्या रांगेत, मांडीवर मंजूर प्रत. मुलगी विचारते, "आजी, बाबा कधी गं येणार?" सासूबाई खिडकीशी गेल्या आणि... गप्प! ग्रंथपाल बाई विंगेत घामाघूम, माझे हात जोडलेले, हे माझ्या कानाशी, "विसरली, एकच शब्द होता, तोही विसरली!" त्या आपल्या बाहेर बघतायत, बघतायत... हळूहळू चेहरा असा उजळत गेला, काय सांगू, आणि मग, "अगं...!"

बस्स. पोरगी दाराकडे धावली आणि सगळं सभागृह मान वळवून बघतंय, कुठे लागले दिवे! शेजारच्या बाई रुमाल शोधतायत, हे माझाच रुमाल घेऊन बसलेत. साहेबसुद्धा वळले हो! वळले, दचकले, आणि भराभर प्रत चाळायला लागले. आता एका शब्दात चाळणार काय?

चौथ्या दिवशी पत्र. "'अगं' मंजूर आहे. मात्र त्याआधीच्या शांततेतून नामंजूर मजकूर प्रेक्षकांपर्यंत पोहोचल्याचे आढळले. पुढील प्रयोगासाठी शांततेचा स्वतंत्र अर्ज करावा. सोबत शांततेच्या तीन प्रती जोडाव्यात." ह्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. आता गप्प बसण्यात देशाला काय धोका, तुम्हीच सांगा!

सासूबाई म्हणाल्या, "मला वीस सेकंद पुरतात, तू चाळीस लिही. कापाकापीत निम्मं जातंच." मी देवाचं नाव घेतलं आणि साठ लिहिले. प्रती कसल्या जोडणार? तीन कोरे कागद जोडले, टाचणी लावून.

काल परत आले. कोऱ्या कागदावर, मधोमध, चार ओळी खोडलेल्या! सासूबाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे बाकीचं पास झालं की गं!"