शेगडी काकांची, मोरी सरकारची

...नाही, पण तुम्हीच सांगा, विचारणं हा काय गुन्हा आहे? जागा घ्यायची, तीही पाण्याकाठची, म्हणजे माणूस आधी चौकशी करणार की नाही? मी काय कुणाच्या घरावर नांगर फिरवायला निघालो होतो? मी नुसतं विचारलं हो!

तुम्हाला सांगतो, मुळात हे माझ्या डोक्यातलं नव्हतंच. मी आणि बायको, आम्ही नदीकाठचं ते घर पाहिलं आणि दोघंही विरघळलो. घर घड्याळकाकांचं. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आता नजर साथ देत नाही, काकू गेल्या, लेक म्हणते बाबा आता माझ्याकडे या, म्हणून घर विकायचं. भिंतभर घड्याळं, सगळी टिकटिक टिकटिक, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट नदी! बायको तिथल्या तिथे पडद्यांचा रंग ठरवून मोकळी. मी शब्द दिला, काकांनी हात हातात घेतला. झालं! आता यात काही बिघडायचं कारण होतं का? होतं. मला मेव्हणा आहे.

"भाऊजी," आता त्याचा आवाज म्हणजे प्रत्यक्ष कोर्टच बोलतंय, "भाऊजी, पाण्याकाठची जमीन आहे! सरकारचा हक्क आहे का बघितलंत? न तपासता सही करणारे पुढे रडत बसतात, सांगून ठेवतो!" ठेव बाबा सांगून. पण म्हटलं, विचारायला काय जातं? दुसऱ्या दिवशी गेलो मोजणी ऑफिसात. तिथले साहेब कान कोरत बसले होते. अगदी सुखात होते हो ते! मीच गेलो कडमडायला. म्हटलं, "साहेब, नदीकाठच्या गल्लीत सरकारची काही जागा आहे का?"

साहेबांचा हात कानातच थांबला. "कुठली गल्ली?... ती? अरेच्चा! तिथे लोक राहतात होय अजून?" उठले, धूळ झटकून नकाशा काढला, पसरला, आणि तुम्हाला सांगतो, हरवलेला चेंडू माळ्यावर सापडल्यावर पोराचं तोंड होतं ना, तसं तोंड! "हे बघा, नदी पूर्वी इकडून वाहायची. मग सरकली. नदीनं सोडलेली जमीन कुणाची?" मी म्हटलं, कुणाची? "आमची! हा हक्क लावायचा राहूनच गेला होता बघा. बरं झालं तुम्ही आठवण केलीत!" अहो, मी आठवण कुठे केली? मी नुसतं विचारलं हो!

पण ऐकतंय कोण! आठवडा उलटायच्या आत मोजणीवाले गल्लीत हजर. साखळ्या, खुंट्या, लाल रंग... ज्याच्या त्याच्या अंगणात रेघ! आणि काकांच्या घरात तर रेघ खिडकीतून आत शिरली, ओट्यावरून गेली, न्हाणीघराला वळसा घालून मागच्या दारानं बाहेर. म्हणजे शेगडी काकांची, मोरी सरकारची! भात इकडे शिजवायचा आणि ताट सरकारी हद्दीत धुवायचं!

गल्ली पेटली. कुणीतरी ऑफिसात येऊन विचारून गेलं, एवढं मोजणीवाल्यांकडून फुटलं होतं. इस्त्रीवाला ओरडतोय, "कोण तो चोंबडा? कुणाला खाज सुटली होती?" नर्सबाई, एरवी मुंगीला धक्का न लावणारी बाई, म्हणते, "समोर आला ना, तर सुई अशी टोचीन की जन्मभर बसायचा नाही!" आणि मी? मी मध्येच उभा. सगळ्यांत मोठा आवाज माझा! "हो ना, लोकांना उद्योग नाहीत!" लाज वाटली हो. बोलता बोलता कान तापले. पण जीभ काही थांबेना.

एकटे काका शिव्या देईनात. म्हणाले, "असेल बिचारा कुणी घाबरट. त्यालाही कुठे ठाऊक होतं असं होईल म्हणून." मेल्याहून मेल्यासारखं झालं! शिव्या परवडल्या हो, हे नको.

मग ठरवलं, आता सांगून टाकायचं. गेलो दुपारी. काका बांधलेली पेटी पुन्हा सोडत होते. "लेकीला कळवलं," म्हणाले, "येणं लांबलं म्हणून. असलं घर आता कोण घेणार?" आणि माझ्याकडे वळून, "तुम्हीसुद्धा घेऊ नका. तुमचा शब्द तुम्हाला परत. मी तुम्हाला फसवणार नाही." मला, म्हणतात! मला फसवणार नाहीत! म्हटलं, "काका, तो विचारणारा माणूस..."

आणि भिंतीवरची यच्चयावत घड्याळं एकदम ठोके देऊ लागली! टण टण, ठण ठण, एकातून कोकिळा बाहेर, दुसऱ्यातून शिपाई! मी ओरडतोय, "मीच तो, काका!" आणि काका कानाला हात लावून, "आँ?" ठोके संपले. सगळं शांत. काका माझ्याकडे बघतायत, त्या अधू डोळ्यांनी. "काय म्हणत होतात?"

आता पुन्हा म्हणायला छाती लागते. ती माझ्याकडे नाही. म्हटलं, "मीच... मीच घेतो म्हटलं घर."

काका रडले हो. लेकीकडे पोचलेसुद्धा. जाताना एक घड्याळ ठेवून गेले माझ्यासाठी, ते तासातासाला माझ्या उरात ठोके देतं. गल्लीत माझं नाव झालंय, "धोका माहीत असून आला, वाघ आहे!" नर्सबाईंनी तर लाडू आणून दिले. गिळवेनात. बायको मोरीशी उभी राहिली की विचारते, "आज भांडी घासायला परवानगी काढलीत का?"

आणि परवा मेव्हणा आला. ओट्यावरची लाल रेघ बघितली, डोळे वटारले. "भाऊजी! घेण्याआधी तपासलं नव्हतंत?"

म्हटलं, बाबा रे, तपासलं म्हणूनच घ्यावं लागलं!