अभ्र्यावरचे पांढरे डाग

मावशी : हो, मीच टाकली ती ट्यूब. कचऱ्यात. बोंब मारू नकोस.

मुलगी : माझ्या औषधाला हात लावायला तुला कुणी सांगितलं, मावशी?

मावशी : तुझ्या आईने उशीचा अभ्रा दाखवला. चांगला जांभळा अभ्रा, त्यावर हे एवढाले पांढरे डाग! कापडाचा रंग उडवणारं औषध तोंडाचं काय वाटोळं करेल?

आई : मी नुसतं विचारलं गं, हे कशाने झालं म्हणून...

मुलगी : आई, त्यात दोन औषधं आहेत. एक अँटिबायोटिक, पुटकुळ्यांतले जंतू मारणारं. ते एकटंच लावलं तर जंतू त्याला सरावतात, म्हणून जोडीला दुसरं. ते दुसरं कापडाचा रंग उडवतं. माझा नाही! डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मीच तुला सांगायला विसरले.

मावशी : फरक तर काडीचा नाही. रविवारी माझ्या लेकीचं लग्न, फोटो निघणार. माझ्या पार्लरमधलं क्रीम लाव, चार दिवसांत गाल तुळतुळीत!

मुलगी : त्यानेच तर हे झालं! आधी तुळतुळीत, मग बंद केल्याबरोबर दुप्पट पुटकुळ्या. त्यात स्टेरॉइड असणार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुणी दिलं, विचारलं त्यांनी. मी तुझं नाव नाही घेतलं. तुझी लाज राखली.

मावशी : माझ्या गिऱ्हाइकांना बरं चालतं!

मुलगी : दवाखान्यात माझ्या शेजारीच बसली होती तुझी दोन गिऱ्हाइकं, असेच गाल घेऊन. विचार त्यांना.

मावशी : जीभ बघा हिची! बरं बाई, लाव काय लावायचं ते. फोटोत तेवढी मागच्या रांगेत राहा. मुलाकडचे काय म्हणतील?

मुलगी : पुटकुळ्या आहेत म्हणतील. आहेतच! चोरून आणल्यात का? मी पुढे उभी राहणार, ताईला खेटून. आणि औषध रोज लावणार, सगळ्या चेहऱ्याला. महिने लागले तर लागू देत.

मावशी : अगं, तू आई ना हिची? समजाव काहीतरी!

(आई कचऱ्याच्या डब्यात हात घालते.)

आई : टोपण घट्ट आहे, नशीब. धर गं, पुसून घे.

मावशी : म्हणजे तूसुद्धा! आणि आता कपाटात काय धुंडाळतेस?

आई : पांढरा अभ्रा. उडायला त्याला रंगच नाही.